गोळी नको, वही उघड

ख्रिस्ती उपवासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीच्या सोमवारी आमच्या गावातली अर्धी माणसं लाकडी मुखवटे चढवून रस्त्यावर येतात आणि उरलेल्या अर्ध्यांची बिनपाण्याने करतात. सोंग तुमच्यासमोर थांबतं, काखेतली चित्रांची वही उघडतं आणि वर्षभरात तुम्ही केलेला मूर्खपणा चारचौघांत वाचून दाखवतं. परक्या पाहुण्यांना मात्र नुसती चघळायची गोळी मिळते.

मला सात वर्षं गोळीच मिळत होती. बेअरिंगच्या कारखान्यात नोकरी धरून मी नाशिकहून इथे परमुलखात आले. भाषा आली, त्यांच्यासारखं बटाट्याचं सॅलड जमायला लागलं, पण सोंग आलं की मान लववून हातावर गोळी ठेवायचं आणि पुढे जायचं. मी आपली "धन्यवाद" म्हणून दात काढायची. घरी येऊन गोळी कचऱ्यात. असा संताप यायचा की काय सांगू.

यंदा तर मी कमालच केली होती. जानेवारीत इमारतीच्या पायऱ्या झाडायची माझी पाळी आली. नुसतं झाडून माझं मेलीचं समाधान होईना, म्हणून बाहेरच्या पायऱ्यांवर दोन बादल्या पाणी ओतून खराट्याने घासल्या. थंडी उणे नऊ. पाच मिनिटांत पायऱ्यांची काच झाली. वरच्या मजल्यावरच्या वालबुर्गाबाई सगळ्या पायऱ्या बसूनच उतरल्या. लागलं नाही, पण बोलल्याही नाहीत. बर्फ वितळायला गुपचूप मीठ टाकलं आणि गेल्या.

"यंदा तरी वाचतील ना हो मला?" मी त्यांना विचारलं.

"मला काय विचारतेस? सोंगांच्या वहीत कोण डोकावतं?"

सोमवारी आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. एका सोंगाने शेजारच्या ऑयगेन खाटकाला धू धू धुतलं. बायकोचा वाढदिवस विसरून त्याने तिलाच केक करायला लावला होता म्हणे. ऑयगेन लालेलाल होऊन हसत होता. मग सोंग माझ्याकडे वळलं आणि त्याने खिशात हात घातला.

माझं डोकं सटकलं. "नको मला गोळी," मी म्हटलं. "सात वर्षं घेतेय. पाहुणी आहे का मी? पायऱ्या कोणी धुतल्या, ठाऊक नाही तुला? उघड वही."

वालबुर्गाबाई आभाळाकडे बघत होत्या.

"राग नाही ना येणार?" सोंगाने आवाज बदलून विचारलं.

"वाचलं नाहीस तर येईल."

त्याने वही उघडली. लाल टोपीतली मी, दोन बादल्या आणि घसरत येणाऱ्या वालबुर्गाबाई. "गावाला बर्फाचं मैदान हवं होतं," तो मोठ्याने वाचायला लागला, "नगरपालिकेला जमेना. मग आमच्या वृषालीने पदर खोचला." सगळा रस्ता पोट धरून हसत होता, आणि सगळ्यांत जास्त मी.

मला वाटलं, झालं. पण त्याने आधीचं पान उलटलं. त्यावर मी रविवारी सकाळी काचेच्या बाटल्या खळाखळा कचरापेटीत टाकून अख्खी आळी उठवत होते. त्याआधीच्या पानावर, सगळे उघडेच बसतात त्या बाष्पस्नानाच्या खोलीत मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणीसकट बसलेली. सातही वर्षांची पानं होती, रंग भरून तयार.

"दर वर्षी तुझं चित्र काढायचो," सोंग हळूच म्हणालं. "पण तू इतकं गोड धन्यवाद म्हणायचीस, की वाचायचा धीरच व्हायचा नाही."

मी बाहीने डोळे पुसले.

"पहिल्यापासून वाच," मी म्हटलं. "एकही गाळू नकोस."