गालातले खिळे

आमचे हे सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवतात. एक हात कापड ताणण्यात, दुसरा हातोडीवर, म्हणून बारीक खिळे गालात. जिभेनं एकेक ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. या सवयीवरून मी लग्नापासून तोंड वाजवत आलेय.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यातच एक्स-रे दाखवला होता. "प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागते असं नाही. सरळ आली, नीट घासता येते, त्रास नाही, तर राहू द्यायची. तुमची आडवी अडकलीय. हिरडीखाली घाण साठून पुन्हा पुन्हा सुजतेय. ही काढायलाच हवी."

"उशिरा का होईना, अक्कल आलीय. राहू दे की!" हे म्हणाले आणि चपला घालून बाहेर. दाढ काढल्यावर काही दिवस तोंडात खिळे धरायचे नाहीत, हे ऐकूनच त्यांचं अवसान गळालं होतं.

मग खिळे उजव्या गालातून डाव्या गालात गेले. वर दुखण्याच्या गोळ्या. एका सकाळी दुखणं थांबलं.

"बघ! उगाच कापाकापी केली असती."

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे एका रात्रीत गेलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सूज गालावरून हनुवटीखाली उतरली होती. पाणी गिळतानाही हे मान पुढे काढत होते.

"अहो, चला दवाखान्यात."

"एवढी खुर्ची होऊ दे." आवाज तोंडात बोळा कोंबल्यासारखा.

दुपारी हातोडी थांबली. जाऊन बघते तर हे खुर्चीपुढे गुडघ्यांवर, लाळ गळतेय, जबडा जेमतेम बोटभर उघडतोय. खिळे आतच.

दवाखाना समोरच. डॉक्टरीणबाईंनी हनुवटीखाली हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आडवं करू नका," म्हणत त्यांनी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. "आता हे दाढेपुरतं राहिलं नाही. सूज जिभेखाली चढून श्वासावर येतेय."

"किती खिळे होते हो?" मी विचारलं. ह्यांनी चार बोटं दाखवली.

अॅम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या ह्यांनी दातांच्या फटीतून एकेक खिळा जिभेनं पुढे ढकलला. मी उचलत गेले. त्या मेल्या सवयीचे आज पाय धरावेसे वाटले. चौथा हातात आला आणि मला रडू फुटलं.

"निघाले हो सगळे! आता घ्या जीभ आत."

ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. जीभ आत जात नव्हती.