सव्वादोन वर्षं माफी

(देवळापुढचा सिमेंटचा ओटा. नेपथ्य नाही. माणसं दोन.)

आदेशनं मोबाइल खिशात टाकला. "काम बेस हाय. जेलातल्या नाटकाचा व्हिडिओ धा वेळा पाह्यला म्या. पर पावणं, एक अडचण हाय."

सावळेराम याच वाडीत जन्मला होता. आज यात्रा कमिटीचा अध्यक्ष झालेला आदेश त्याच्या डोळ्यांदेखत दप्तर घेऊन शाळेत जायला लागला होता. पण सुटून आल्यापासून सगळे त्याला 'पावणं'च म्हणत. बरं पडायचं ते. नावही घ्यायला नको आणि शिवीही द्यायला नको.

"लंकाबाई व्हय म्हनली तर यात्रेच्या नाटकात आईचं काम तुमचं," आदेश म्हणाला. "न्हाई म्हनली तर माझा इलाज न्हाई. मला गावात ऱ्हायचंय."

(इथून मागे जायचं आहे. फार नाही, आठ वर्षं.)

लंकाबाई ही सावळेरामची सख्खी चुलती. भागू तिचा एकुलता एक. मोटार आज कुणी चालू करायची, पाण्याची पाळी कुणाची, यावरून बांधावर बोलाचाली झाली, आणि सावळेरामच्या हातात फावडं होतं. तिसऱ्या दिवशी भागू दवाखान्यात वारला.

सावळेरामला दहा वर्षांची सजा झाली. येरवड्यात पहिली चार वर्षं त्यानं मान वर केली नाही. मग पुण्याच्या वृषालीताई दर शनिवारी नाटकाची तालीम घ्यायला येऊ लागल्या. एकदा त्यांनी विचारलं, "आईचं काम कोण करेल?" चाळीस गडी फिदीफिदी हसले. सावळेरामनं हात वर केला. शनिवारी बाकीच्यांच्या मुलाखती यायच्या, घरची माणसं जाळीपलीकडे येऊन उभी राहायची. त्याच्याकडे कुणी यायचं नाही. शनिवार रिकामाच होता.

ती आई म्हणजे जिचा मुलगा मारला गेलाय अशी बाई. निरोप येतो आणि ती रडते. सावळेराम असा रडला की पहारेकऱ्यानंसुद्धा टोपी काढून मांडीवर ठेवली. टाळ्या थांबेनात.

पण एक गोष्ट त्याला सलत राहिली. प्रेक्षक गिनती करून आणून बसवलेले होते. कंटाळा आला तरी त्यांना उठून जायची मुभा नव्हती. एकदा तरी उठून जाऊ शकणाऱ्या माणसांपुढे हे काम करायचं आणि कोण बसून राहतं ते बघायचं, एवढं एकच त्याला हवं होतं. तेही याच वाडीत. बायको नूतन माहेरी, पेठ गावाला, गेली ती गेलीच. आळेफाट्याच्या एका हॉटेलात तो टेबलं पुसायचा आणि वरच्या खोलीत एकटा निजायचा. दुसरं हवं असण्यासारखं काही उरलं नव्हतं.

(लंकाबाईचं अंगण. दुपार. शेताडापलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची तबकडी आभाळाकडे तोंड करून. लंकाबाई वालाच्या शेंगा सोलतेय. सावळेराम उभा. बस म्हणायला कुणी नाही.)

लंकाबाई : कदी सुटला?

सावळेराम : माघात, काकी. दहा वर्षांची व्हती. सव्वादोन वर्षं माफी मिळाली.

(तिचे हात थांबतात.)

लंकाबाई : माफी? कुनी दिली?

सावळेराम : सायबानं.

लंकाबाई : कोन सायब?

सावळेराम : जेलचा.

लंकाबाई : त्याचा कोन मेला व्हता?

इथं नाटकासारखं लिहिणं थांबवायला हवं, कारण सावळेरामकडे वाक्य नव्हतं.

तुरुंगात 'माफी' हा शब्द येताजाता तोंडात असायचा. बाहेरची माणसं 'किती पोती निघाली' असं विचारतात, तसं बराकीत विचारायचे, 'किती माफी झाली?' वागणुकीची माफी, कामाची माफी, नाटक बसवलं म्हणून साहेबांनी दिलेली तीस दिवसांची माफी. आठ वर्षं तो शब्द त्यानं इतका वापरला होता की तो दुसरीकडे कुठं लागतो हेच तो विसरून गेला होता.

"तसली न्हाई, काकी," तो कसाबसा म्हणाला. "सजेतलं दिवस कापत्यात. त्याला म्हनत्यात."

"मंग कापलं म्हन. माफी कशाला म्हनतो?" तिनं पुन्हा शेंग उचलली. "अन् माज्याकडं काय काढलंस? मी काय सायब न्हाई."

त्यानं यात्रेचं सांगितलं. नाटकाचं सांगितलं.

"कसलं काम करतो?"

"आईचं."

"कुनाच्या?"

"ज्याला मारलं, त्याच्या."

"लुगडं नेसून?"

"व्हय."

"म्हंजी माजंच काम करतो म्हन की." ती हसली नाही. "करून दाव."

"इथं?"

"मंग? मी काय यात्रेत येऊन बसू व्हय?"

त्यानं टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेतला. निरोप ऐकला. गुडघे टेकले, छाती बडवली, पोराचं नाव घेऊन हंबरडा फोडला. शेजारच्या कोंबड्या पांगल्या. रस्त्यानं जाणारी एक बाई थबकली आणि भराभरा निघून गेली. उठून जाता आलं असतं, तरी लंकाबाई शेवटपर्यंत बसून होती.

"लई रडती ती," तिनं शेवटी म्हटलं.

"व्हय."

"मी न्हाई रडले." तिनं दाणे सुपात टाकले. "मी चुलीपुढं व्हते. पोरी आल्या, सांगितलं. मी भाकरी थापतच ऱ्हायले. कोन तरी म्हनलं, आता किती टाकती? मी म्हनलं, भागूच्या धरून पाच. दहाव्या दिसापतोर त्याच्या धरूनच टाकत व्हते. कुत्र्याला घालायचे."

सावळेराम मुकाट ऐकत होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"काय पुटपुटतो?" लंकाबाईनं विचारलं.

त्याचे ओठ हलत होते. भागूच्या धरून पाच. 'पाच'वर थांबायचं, मग पुढचं. थापताना प्रेक्षकांकडे पाठ. आपण तालीम करतोय हे त्याला कळलं. खोटं बोलायला जागा नव्हती.

"तुमचं वाक्य, काकी. पाठ व्हत व्हतं."

तिनं आणखी एक शेंग मोडली.

"तुजं रडनं हाय ना," लंकाबाई म्हणाली, "ते कर जा. खुशाल कर. आदेशला सांग, काकी व्हय म्हनली. पर भाकरीचं करायचं न्हाई. ते माजं हाय. ते मी न्हाई द्यायची."

आणि सूप उचलून ती घरात गेली.

(पुन्हा देवळाचा ओटा. आता माणसं तीन.)

"काय म्हनली?" आदेशनं विचारलं.

"न्हाई म्हनली." भाकरीचं वाक्य अजून त्याच्या ओठांवर होतं.

"वाटलंच मला. जाऊ द्या पावणं, मनाला लावून घेऊ नगा." त्यानं ओट्यावर बसलेल्या गोकुळला पुढं ढकललं. गोकुळ दुधाच्या डेअरीवर कामाला होता आणि मिशी काढायला तयार झाला होता. "तुमचं पाठच हाय, तर ह्याला तेवढं दावून जा की. तुमच्यासारखं नाय जमायचं, पर व्हईल."

सावळेरामनं नाही म्हटलं नाही. गुडघे कुठं टेकायचे, छातीवर हात कसा पोकळ मारायचा म्हणजे आवाज येतो पण लागत नाही, नाव घेताना गळा कुठं फाडायचा, सगळं त्यानं दाखवलं. गोकुळ हुशार होता. तिसऱ्या खेपेला रडला चांगला. आदेशनं शिट्टी मारली.

"अन् रडून झाल्यावर?" धापा टाकत गोकुळनं विचारलं. "आई मंग काय करती?"

सावळेराम डोक्यावरचा टॉवेल काढून घडी घालत होता.

"काय न्हाई," तो म्हणाला. "तितंच पडदा."