दसऱ्याचा रविवार

सहलीच्या दिवशी गजर वाजायच्या आधीच अतिका उठून बसली होती. पाच वाजल्यापासून तिने तीनदा यादी तपासली. एकवीस माणसं, पाण्याचे दोन जार, बिस्किटं, प्रथमोपचाराची पेटी. नवरात्र चालू होतं, दसरा मंगळवारी, त्यामुळे नऊ जणींचा उपास होता. त्यांच्यासाठी केळी आणि खजूर तिने वेगळ्या पिशवीत भरून पिशवीवर कागद चिकटवला होता.

“गाडी सातला आहे ना? मग आत्तापासून काय घरभर पळतेयस?” जावेद पांघरुणातूनच म्हणाला.

“तुम्हाला नाही कळायचं,” ती म्हणाली आणि चौथ्यांदा यादी उघडली.

जावेदचं नंदुरबारात गाद्या भरायचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी अतिका एका मोगऱ्याची कुंडी घेऊन फुलोरा मंडळात गेली होती. मोगरा का फुलत नाही एवढंच विचारून परत यायचं होतं, पण ती तिथलीच झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळ कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं. फांद्या, बिया, कंद यांची देवाणघेवाण व्हायची, मग चहा-पोहे आणि न संपणाऱ्या गप्पा. पावसाळा सरला की एक सहल ठरलेली. ती सहल आजवर अध्यक्ष प्रमिलाबाई नेत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, शिस्तीच्या पक्क्या. पण यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भर बैठकीत त्यांनी अतिकाकडे बोट केलं. “यंदा ही नेईल.”

अतिकाने म्हसावदच्या रूपचंदभाऊंचं पॉलिहाऊस ठरवलं. अर्ध्या एकरात गुलाब, जरबेरा, सगळं ठिबकवर. मंडळातल्या कुणीच असं काही आतून पाहिलेलं नव्हतं. नुसत्या कल्पनेनेच ग्रुपवर आठवडाभर गुलाबांचे फोटो पडत होते.

सातला सुटायची बस सव्वासातला सुटली. मंडळातले चुनीलालभाऊ दाराशी उभे राहिले. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बसमध्ये त्यांना बसवत नसे. “पुढे सरका, पुढे जागा आहे!” ते ओरडले आणि सगळी बस हसली. प्रकाशा गावच्या पुलावर तापी दोन्ही काठ भरून वाहत होती. खिडकीशी बसायला भांडणं झाली. सरलाबाईंनी देवीची गाणी सुरू केली, मागच्या बाकावरून टाळ्या आल्या. अतिका पुढच्या सीटवर, गुडघा लांब करून बसलेल्या प्रमिलाबाईंच्या शेजारी बसून सारखी मागे वळून बघत होती. सगळे हसतायत ना? सगळे खूश आहेत ना?

म्हसावद जवळ आलं तेव्हा एका शेताच्या कुंपणावर तिला निळंशार काहीतरी झळकून गेलं. तिने मान वळवली, पण बस पुढे निघून गेली होती.

पाच मिनिटांनी पॉलिहाऊस आलं. त्याच्या छताचा पांढरा प्लॅस्टिकचा कागद उन्हात चमकत होता. फाटकाला भलंमोठं कुलूप होतं.

अतिकाने फोन लावला. तिसऱ्या वेळी रूपचंदभाऊंनी उचलला. पाठीमागे सनई वाजत होती.

“भाऊ, आम्ही आलोय. फाटकाशी उभे आहोत.”

“आज?” भाऊ गडबडले. “ताई, मी तर धुळ्याला आहे, भाचीच्या साखरपुड्याला. तुम्ही दसऱ्याचा रविवार म्हणाला होतात ना?”

“हो. म्हणजे आजचाच. दसऱ्याआधीचा.”

“अरे देवा. मी दसऱ्यानंतरचा धरला. चावी पण माझ्याच खिशात आहे.”

अतिकाने फोन ठेवला. तिने खरंच ‘दसऱ्याचा रविवार’ एवढंच लिहिलं होतं. तारीख घातलीच नव्हती. चार पानी यादी केली आणि तारीख राहिली.  बसमध्ये वळून एकवीस चेहऱ्यांकडे बघण्यापेक्षा इथूनच पायी नंदुरबारला निघून जावं असं तिला वाटलं.

पण ती बसमध्ये चढली. “चूक माझी आहे,” तिने सरळ सांगितलं. “मी तारीख लिहिली नाही. भाऊंनी पुढचा रविवार धरला. पॉलिहाऊस बंद आहे.”

मागे कुजबुज झाली. मग सरलाबाई म्हणाल्या, “उपासाची पहाटे उठून आले मी. कुलूप बघायला?”

“सरला,” प्रमिलाबाई एवढंच म्हणाल्या.

“खरं तेच बोलतेय. एक फोन करायला काय झालं होतं आदल्या दिवशी?”

त्यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. अतिकाने ओढणीने कपाळ पुसलं. प्रमिलाबाई तिच्याकडे बघत होत्या, पण मदतीला काही आल्या नाहीत. आता तूच सांग काय करायचं ते, असं ते बघणं होतं.

“भैया,” अतिका ड्रायव्हरला म्हणाली, “गाडी मागे फिरवा. येताना एक निळं कुंपण लागलं होतं. ते बघू या.”

“कुंपण?” मागून कुणीतरी म्हणालं.

कुंपण दिसलं आणि सरलाबाईच सगळ्यांत आधी उठून उभ्या राहिल्या. शंभरेक पावलं लांब काटेरी तार, पण तार दिसतच नव्हती. गोकर्णीने ती पुरती गिळली होती. निळी गोकर्ण, पांढरी गोकर्ण, दुहेरी पाकळ्यांची, आणि मध्येच एक फिकट जांभळट, जवळजवळ गुलाबी. तो रंग मंडळात कुणाकडेही नव्हता. अतिकाने तो आजवर फक्त फोनवर पाहिला होता.

बस पुरती थांबायच्या आत अर्धं मंडळ खाली होतं. “अगं ही बघ, ही बघ!” “शेंगा आहेत, वाळलेल्या शेंगा आहेत!” “हात नको लावू, आधी फोटो!” कुणी चप्पल काढून चिखलात उतरलं, कुणाचा पदर काट्याला अडकला.

“ओ बाया! काय चोरी ऱ्हायन्यात तठे?”

आवाज कुंपणापलीकडून आला. झेंडूच्या मळ्यात एक सत्तरीची बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ओटीत फुलं, डोक्यावर ओला टॉवेल.

“माय, चोरी नही करी ऱ्हायनूत,” अतिका घाईने तिच्याच अहिराणीत म्हणाली. “फुलं दखी ऱ्हायनूत. नंदुरबारहून उनूत. आम्हना बागेचं मंडळ शे.”

“दखा मंग. पन मले टाइम नही.” म्हातारी वाकून पुन्हा फुलं तोडू लागली.

तेव्हा अतिकाचं लक्ष मळ्याकडे गेलं. दीड-दोन एकर तरी असेल. नारिंगी आणि पिवळा, डोळ्यांत मावेना एवढा. आणि एवढ्या मळ्यात माणसं दोनच. ही म्हातारी आणि लांब टोकाला एक तरुण बाई, तिची सून असावी. बांधावर रिकाम्या क्रेटची उतरंड लागली होती.

“मजूर नहीत का, माय?”

“काल सांगी गयात, येतस म्हनीसन. आज एक बी उना नही.” तिचे हात थांबत नव्हते. “एक वाजता टेम्पो येवाव शे, सुरतले जावाव शे. तो कोनासाठे थांबत नही. परवा दसरा. मंग हाई फुलं कोनले देऊ?”

अतिकाने घड्याळ पाहिलं. सव्वादहा. विचार पुरा व्हायच्या आधीच शब्द बाहेर पडले.

“आमी तोडूत का, माय?”

म्हातारीने वर पाहिलं. उन्हाच्या टोप्या, गॉगल, सरलाबाईंची काठाची साडी, चुनीलालभाऊंचे पॉलिश केलेले बूट. “तुमी? अशा बूट घालीसन?”

“माय,” चुनीलालभाऊ पुढे आले, “तीस वरीस मी एस.टी.मा उभा ऱ्हायना. तीन तास वावरमा उभा ऱ्हावाले मले काय व्हस?” आणि त्यांनी तिथेच बूट काढले.

म्हातारीचं नाव कौसाबाई, सुनेचं रुपा. कौसाबाईंनी दोन मिनिटांत शिकवलं. “देठ दोन बोटं ठेवा. कळीले हात नका लाऊ. आन दाबू नका. लेकराले उचलतस तसं उचला.”

प्रमिलाबाईंना वाकता येत नव्हतं. त्या एका पालथ्या क्रेटवर बसल्या, दुसरा क्रेट समोर घेतला आणि फुलं निवडायचं काम स्वतःकडे घेतलं. “दोन तुकड्या करा,” त्यांनी हुकूम सोडला. “विहिरीकडून सरला. रस्त्याकडून चुनीलाल. बघू कोण आधी मध्यावर येतं.”

एवढं पुरलं. घरी एका कुंडीतलं एक फूल तोडताना दहादा विचार करणारी माणसं ओळीच्या ओळी तोडत सुटली. झेंडूचा तो उग्र वास नाकात, घशात, केसांत भरला. मधमाश्या गुणगुणत होत्या. “पुढे सरका, पुढे जागा आहे!” चुनीलालभाऊ ओरडले की सरलाबाईंच्या तुकडीतून उत्तर यायचं, “तुमची गाडी पंक्चर आहे, भाऊ!” सरलाबाईंनी पदर खोचला होता, चेहरा लाल झाला होता. उपासाचं नाव त्यांनी काढलं नाही. मध्येच त्यांनी चार कळ्या खुडल्या तेव्हा रुपा धावत आली, आणि सरलाबाईंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही कान पकडले.

अतिका दोन्ही तुकड्यांच्या मधून पळत होती. भरलेले क्रेट बांधावर, रिकामे आत, मग पाणी, मग उपासवाल्यांना केळी. तिची बोटं हिरवी-काळी झाली, पाठ घामाने भिजली. आपण सकाळी रडवेले झालो होतो हे तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

एकला दहा मिनिटं होती आणि हॉर्न वाजला. टेम्पो आला होता. मधल्या चार ओळी अजून उभ्या होत्या.

“चला, भरा लवकर,” ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला. “अजून तीन ठिकाणी जायचंय.”

“एक वाजता यायचं होतं ना?” अतिका थेट त्याच्या दाराशी गेली. “दहा मिनिटं आहेत.”

“बाई, आत्ता भरलं तर भरलं.”

“भरतोच आहोत. तुम्ही मागची फळी तर उघडा.” आणि तिने मळ्याकडे वळून दोन्ही हात तोंडाशी नेले. “साखळी करा! दहा जण साखळीत, बाकीचे ओळीवर! दहा मिनिटं!”

आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला त्या दिवशी कळलं. बांधापासून टेम्पोपर्यंत माणसं उभी राहिली, क्रेट हातोहात जाऊ लागले. प्रमिलाबाई बसल्या जागेवरून मोजत होत्या, “एकतीस! बत्तीस! कुसुम, सांभाळून!” चार ओळींवर दोन्ही तुकड्या समोरासमोर तुटून पडल्या. कोण कुठल्या तुकडीचं हे आता कुणी बघत नव्हतं. कौसाबाई स्वतः वाकून, दोन्ही हातांनी, सगळ्यांना मागे टाकत येत होत्या. शेवटच्या झाडाशी त्या आणि सरलाबाई एकदमच पोचल्या. शेवटचं फूल सरलाबाईंनी तोडलं आणि त्या मळ्यातच मटकन बसून हसत सुटल्या.

एकला दोन मिनिटं असताना फळी लागली. टेम्पो धुरळा उडवत गेला, तेव्हा एकवीस माणसांनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या वावरातली माणसं कापूस वेचायचा सोडून बघू लागली.

कौसाबाई टॉवेलने तोंड पुसत राहिल्या. बराच वेळ तोंड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “आते बठा. मन्हा वावरमातीन उपाशी कोन्ही जास नही.”

लिंबाखाली सगळे पाय पसरून बसले. रुपाने उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं पातेलं आणलं, त्या उपासालाही चालत होत्या. ज्यांचा उपास नव्हता त्यांच्यासाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. पहिल्या पाच मिनिटांत फक्त शेंगा फोडल्याचा आवाज होता.

मग अतिकाने कुंपणाचं विचारलं. ही जांभळट गोकर्ण आणली कुठून?

“आनी कथाईन?” कौसाबाईंना प्रश्नच कळेना. “जठे जास तठून एक शेंग लई येस. आठे फेकी देस. बाकी तेस्नं तेच करतस.” त्या उठल्या, कुंपणाशी गेल्या आणि वाळक्या शेंगा ओरबाडून अतिकाच्या ओढणीत ओतू लागल्या. सगळ्या रंगांच्या, न निवडता. एकवीस जणांना पुरून उरतील एवढ्या.

“बास, माय.”

“चूप. ले.”

जाताना त्यांनी विचारलं, “तुमना मंडळमा काय करतस?”

“महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो,” अतिका म्हणाली. “एकमेकांची झाडं बघतो. चहा पितो. बोलत बसतो.”

“झाडं दखतस आन चहा पितस,” कौसाबाईंनी थोडा विचार केला. “मंग मी बी येसू.”

सगळ्यांना वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण दिवाळीनंतरची बैठक अतिकाच्या गच्चीवर होती, तिने फोन करून तारीख कळवली, आणि दहाच्या एस.टी.ने त्या रुपाला घेऊन खरोखरच आल्या. चुनीलालभाऊ स्टँडवर जाऊन त्यांना घेऊन आले. जावेदने दुकानातली नवी गादी गच्चीवर टाकली होती. कौसाबाई तिच्यावर काही बसल्या नाहीत. त्या कुंड्यांमधून फिरत राहिल्या. पानं उलटून बघितली, माती चिमटीत चोळली. एका जास्वंदीपाशी त्या थांबल्या. ती वर्षभर हिरवीगार होती, पण कळी धरत नव्हती.

“हाई कोनी लायेल शे?”

“मी,” अतिका म्हणाली.

कौसाबाईंनी कुंडी उचलली, उलटी केली आणि बुडावर हाताने दोन थापा मारल्या. मातीचा गोळा अख्खा बाहेर आला. मुळांनी त्याच्याभोवती वेढ्यावर वेढे घातले होते, माती दिसेनाशी झाली होती. बायांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं.

“गुदमरी ऱ्हायना गरीब,” त्या म्हणाल्या. त्यांनी मुळं बोटांनी अलगद मोकळी केली, खालची जुनी मुळं कात्रीने छाटली. रुपाने मोठी कुंडी पुढे सरकवली. प्रमिलाबाई गुडघा विसरून उठल्या होत्या. सरलाबाई ओरडत होत्या, माझी पण अशीच आहे, माझी पण, मी घरून घेऊन येते, कुणी जाऊ नका.

चहा खाली गॅसवर उकळून उकळून आटला. कुणीच उतरलं नाही. कौसाबाईंनी मातीचे हात पदराला पुसले आणि अतिकापुढे हात केला.

“आन,” त्या म्हणाल्या, “दुसरी आन.”