यादीतलं पाचवं नाव

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी राजधानीच्या, बिस्मार्कच्या पेपरात यादी आली. सध्याच्या गव्हर्नरने पुन्हा उभं राहणार नाही असं सांगून जेमतेम आठवडा झाला होता, आणि अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात जो तो एकमेकाला विचारत होता की आता कोण. पेपरवाल्यांनी सहा नावं काढली होती. पाचवं नाव आर्डिस हॉगनचं होतं. पुढे एकच ओळ: 'हेल्मर गावच्या सेनेटर, माजी मुख्याध्यापिका, इच्छा असल्याचं अद्याप दाखवलेलं नाही.'

"दाखवलेलं नाही म्हणे," तिचा नवरा लाइल चष्मा कपाळावर सारत म्हणाला. "मला तर दहा वर्षं दिसतंय."

आर्डिसचे कान लाल झाले. ती एकसष्ट वर्षांची होती. सव्वीस वर्षं तिने गावच्या शाळेत शिकवलं, शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून, आणि नंतर अकरा वर्षं राज्याच्या सेनेटमध्ये काढली. प्रत्येक विधेयक ती शेवटच्या पानापर्यंत वाचायची. बिस्मार्कहून घरी येताना गाडीत लाइलला सांगायची, की मी गव्हर्नर असते तर हे असं केलं असतं, ते तसं. लाइलशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

यादीतलं पहिलं नाव डॅरिन हाइन्लेचं. चव्वेचाळीस वर्षांचा, धान्याचा मोठा व्यापारी, खालच्या सभागृहातला तिच्याच पक्षाचा नेता. हेल्मरचाच. सातवीत आर्डिसच्या वर्गात होता आणि अजूनही तिला 'बाई'च म्हणायचा.

मंगळवारी पक्षाचा जिल्हाध्यक्ष मर्ल स्ट्रो याने तिला गावातल्या कॅफेत बोलावलं. सूप येईपर्यंत तो हवेविषयी बोलला. मग म्हणाला, "एका गावातून दोघं उभे राहिले तर फार्गो शहरवाले मधल्या मधे उमेदवारी घेऊन जातील. डॅरिनला जाऊ दे. शिक्षण समितीचं अध्यक्षपद तुझं, माझा शब्द."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"म्हण की. पण आर्डिस, या वयात राज्यभर वणवण करायची म्हणजे..."

"तू केवढा झालास, मर्ल?"

"माझं वेगळं. मी कुठे उभा राहतोय? गुडघे मला खुर्चीतूनसुद्धा उभं राहू देत नाहीत."

ती हसली आणि विचार करते म्हणाली. पण घरी परतताना गाडी चालवता चालवता तिचे डोळे भरून आले. हवं ते मागायच्या आधीच कुणीतरी समजूत काढायला आलं होतं.

शुक्रवारी दुपारी डॅरिनचा ट्रक अंगणात येऊन थांबला. दहा मिनिटं तो आतच बसून राहिला. मग आला, कोट न काढता दाराजवळच्या स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "बाई, दार थोडं उघडं ठेवलं तर चालेल?"

बाहेर उणे वीस होतं. आर्डिसने दार फटीएवढं उघडं ठेवलं आणि त्याच्यासमोर कॉफी ठेवली.

त्याने कपाला हात लावला नाही. "काइलचं तुम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला.

काइल त्याचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी धान्याच्या कोठीत उतरला, पायाखालचा मका सरकला आणि तो आत ओढला जाऊन गुदमरून मेला. वरून दोर धरून डॅरिन उभा होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"तेव्हापासून बंद जागेत, माणसं दाटली की, छाती आवळते. हात बधिर होतात. सभागृहात मी दाराजवळची खुर्ची मागून घेतली. लोकांना वाटतं फोन करायला सोपं पडावं म्हणून." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मर्ल म्हणतो पुढच्या महिन्यात घोषणा करायची. बाई, तुम्ही सांगा. मी उभा राहू का?"

आर्डिसच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नको, एवढा एकच शब्द. त्याच्या भल्यासाठीही बहुधा तोच खरा होता, आणि अडचण तीच होती. आपण तो शब्द कुणासाठी बोलू, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"चुकीच्या माणसाला विचारतोयस, डॅरिन," ती म्हणाली. "मला ते पद हवंय."

त्याने मान वर केली.

"खूप हवंय. म्हणून माझ्या सल्ल्यावर भरवसा ठेवू नकोस. डॉक्टरला दाखवलंस का?"

"नाही."

"बायकोला सांगितलंस?"

"शॅनाला थोडंफार कळलंय."

"मग तिला सगळं सांग. डॉक्टरकडे जा. निवडणुकीचं त्यानंतर ठरव, आणि तुझं तू ठरव. आज इथे बोललास ते माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डॅरिनने घरगुती कारण सांगून आपण उभं राहणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर चार दिवसांनी आर्डिसने शाळेच्या व्यायामशाळेत चाळीस-पन्नास माणसांसमोर आपली उमेदवारी जाहीर केली, आणि आठवड्याच्या आत कुजबुज सुरू झाली. डॅरिनचा ट्रक तिच्या अंगणात कुणीतरी पाहिला होता. बाईंनी जुन्या विद्यार्थ्याला घरी बोलावलं, गोड बोलून बाजूला केलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. रेडिओवरच्या एकाने तर ते रंगवून रंगवून तीन दिवस सांगितलं.

मर्लचा फोन आला. "काय सांगितलंस त्या पोराला?"

"त्याला विचार."

"तो तोंड उघडत नाही."

"मग माझ्याकडूनही काही निघणार नाही."

मदतीला येतो म्हणालेल्यांपैकी अर्ध्या लोकांना अचानक कामं निघाली. दुकानात ओळखीच्या बायका तिला पाहिलं की डब्यांवरची लेबलं वाचत बसायच्या. लाइल एरवी शांत, पण एके दिवशी त्याने ताटली आपटली. "दोन वाक्यं बोललीस तर सगळं थांबेल."

"ती दोन वाक्यं माझी नाहीत, लाइल."

तिला जास्त लागलं होतं ते वेगळंच. डॅरिनने त्या दिवसानंतर एकदाही फोन केला नव्हता.

मार्चमध्ये माजी सैनिकांच्या सभागृहात पक्षाचं दुपारचं जेवण होतं. आर्डिसने माघारीचं निवेदन लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. दोनशे माणसं खेटून बसली होती. मर्ल तिचं नाव पुकारणार, एवढ्यात मागच्या भिंतीपाशी उभा असलेला डॅरिन खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला आणि त्याने माइक हातात घेतला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मला फार वेळ उभं राहता येणार नाही, म्हणून लवकर सांगतो," तो म्हणाला. "काइल गेल्यापासून गर्दीच्या खोलीत माझा श्वास अडकतो. आत्ताही अडकतोय. जानेवारीत मी बाईंकडे गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. उभा राहू का म्हणून मीच विचारलं. त्या म्हणाल्या, मला ते पद हवंय, तेव्हा माझं ऐकू नकोस, डॉक्टरकडे जा. बस. एवढंच झालं." तो थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. "महिनाभर त्यांनी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या आणि मी गप्प बसलो. मला लाज वाटत होती."

शॅनाने उठून बाजूचं दार उघडलं. गार वारा टेबलांवरून फिरला, कागदी रुमाल उडाले. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा शेतकरी खुर्ची सरकवत उठला आणि समोरचं दारही उघडून धरून उभा राहिला. लोकांनी कोट अंगावर ओढले, पण दार लावा असं कुणी म्हणालं नाही. डॅरिन जाताना आर्डिसपाशी थांबला. तिने त्याचा हात धरला. हात बर्फासारखा गार पडला होता.

"फोन तरी करायचास रे," ती म्हणाली.

"रोज उचलत होतो आणि ठेवून देत होतो, बाई."

मर्लने तिचं नाव पुकारलं. पर्स खुर्चीवर ठेवून ती पुढे गेली आणि आठ मिनिटं बोलली: गावोगावचे बंद पडत चाललेले दवाखाने, शाळेच्या बसमध्ये रोज दीड तास काढणारी मुलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. खाली उतरल्यावर मर्ल म्हणाला, "मी चुकलो." मग, ते जरा जास्तच झालं असं वाटून, "मार्च महिन्यापुरता," अशी पुस्ती त्याने जोडली.

एप्रिलच्या अधिवेशनात पक्षाचा अधिकृत पाठिंबा फार्गोच्या उमेदवाराला मिळाला. आर्डिस एकतीस मतांनी मागे पडली. नियमाप्रमाणे पुरेशा सह्या जमवल्या तर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या जूनच्या मतदानात तरीही उतरता येतं, म्हणून ती सह्या जमवायला निघाली. डॅरिन दर बुधवारी डॉक्टरकडे जायचा आणि शनिवारी तिची गाडी चालवायचा. सभा मोकळ्या जागेत असली की तो जवळ उभा राहायचा, नाहीतर गाडीत थांबायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

पश्चिमेकडच्या एका पेट्रोल पंपावर गल्ल्यामागच्या बाईने सही करण्याआधी तिला विचारलं, "या वयात कशाला हो हा खटाटोप? कुणी गळ घातली का?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "मला गव्हर्नर व्हायचंय."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं, पेन मागून घेतलं, आणि आत भांडी घासत असलेल्या आपल्या बहिणीलाही हाक मारली.