सत्तेचाळिसावं पान

वहीबाईंनी उभ्या आयुष्यात वहीचं पान कधी फाडलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मात्र ब्लेड घेऊन बसल्या आणि सत्तेचाळिसावं पान अलगद कापून काढलं. पान घडी घालून पर्समध्ये, वही पिशवीत, आणि चेहरा असा की आपण त्या गावच्याच नाही.

"अगं, झालं का? गाडी कधीची खाली उभी आहे!" दारातून बारावा ओरडला. पहाटेपासून त्याने बूट तीनदा पुसले होते.

हा बारावा कोण, ते आधी सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी 'घरचे अकरा' नावाचा एक सिनेमा आला होता. आजोबा, काका, आत्या, सुना, पोरंटोरं मिळून एक चक्रम कुटुंब फुटबॉलचा संघ काढतं आणि कारखान्याच्या धिप्पाड गड्यांना हरवतं, एवढीच गोष्ट. पण लोकांना ती तोंडपाठ. वहीबाई त्या सिनेमाची कंटिन्युइटी सांभाळायच्या. कुणाच्या कुठल्या हातात कप होता, कुणाची बाही किती दुमडलेली होती, सगळं वहीत टिपायचं, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना फरक पडत नाही. डोळ्यांत तेल घालून करायचं काम, आणि त्या ते तसंच करायच्या.

आणि नेमक्या शेवटच्या गोलच्या शॉटमध्ये मैदानावर घरचे बारा होते!

झालं होतं असं, की काकांचं काम करणाऱ्या नटाचा पाय मुरगळला. शॉट लांबून घ्यायचा होता, म्हणून एका लाइटमनच्या अंगात जादा जर्सी घालून त्याला पळवलं. तिकडे काकांना वाटलं, आपली जागा गेली. ते लंगडत लंगडत पुन्हा आत घुसले. सिनेमा लागला, लोक पोट धरून हसले, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण काही महिन्यांतच सिनेमाची कॅसेट आली, घरबसल्या चित्र थांबवून बघायची सोय झाली आणि कुणा रिकामटेकड्याने डोकी मोजली. तेव्हापासून वहीबाई कुठल्याही सेटवर गेल्या की कुणीतरी विचारायचंच, "काय वहीबाई, मोजलंत ना?" कामं कमी होत गेली. शेवटी बाईंनीच वही मिटून ठेवली.

त्या लाइटमनशी बाईंनी सिनेमानंतर वर्षभरातच लग्न केलं होतं. गल्लीत त्याला सगळे बारावाच म्हणायचे. "माझ्यामुळे तुझं नाव गेलं," हे त्याचं पालुपद. रोज संध्याकाळची भांडी तो घासायचा आणि घासता घासता हेच म्हणायचा. वहीबाई म्हणायच्या, "जाऊ द्या हो," आणि खिडकीबाहेर बघायच्या.

आता जुन्या दिग्दर्शकाची मुलगी त्याच कुटुंबावर आठ भागांची वेबसिरीज करत होती. बापाला सगळे साहेब म्हणायचे, म्हणून ही छोटी साहेब. शेवटच्या भागात तो जगप्रसिद्ध चुकीचा शॉट जसाच्या तसा उभा करायचा, असं तिच्या मनात होतं. म्हणून बाराव्याला पळायला बोलावलं होतं आणि बाईंना वही घेऊन. वहीत बाकी काही लपवण्यासारखं नव्हतं. पण सत्तेचाळिसावं पान कुणी वाचलं असतं, त्यातही बाराव्याने, तर काय तोंड दाखवणार होत्या बाई!

मैदानावर नवं कुटुंब निळ्या जर्स्या घालून उड्या मारत होतं. कडेला खुर्चीत जुने काका बसले होते, वय ऐंशी, हातात काठी, चेहऱ्यावर राग. "माझा रोल त्या कालच्या पोराला दिलाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. आणि बारावा? जर्सी पोटावर ताणून बसवली आणि कुणी सांगायच्या आधीच मैदानाला दोन चकरा मारून आला.

आताची कंटिन्युइटी एक चुणचुणीत मुलगी बघायची. सगळा कारभार टॅबवर, म्हणून तिला टॅबवाली म्हणत. तिने वही अगदी जपून उघडली, पानं उलटत गेली आणि थांबली.

"मावशी, सेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस?"

प्रत्येक पानावर लाल शाईने आकडा घालायची सवय बाईंचीच. आता तीच नडली. "जुनी वही," त्या म्हणाल्या. "झुरळांनी खाल्लं असेल."

"इतकं सरळ रेषेत?"

"शिकलेली असतील."

टॅबवालीने शांतपणे पहिलं पान उलटून पुढे धरलं. तिथे बाईंच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'वहीचं पान फाडणाऱ्याने हा धंदा सोडावा.' बाईंनी पर्स काखेत घट्ट दाबली.

तेवढ्यात बारावा धापा टाकत आला. मघाचा उत्साह कुठल्या कुठे गेला होता.

"छोट्या साहेब, एक सांगू? ह्या वेळी मी नको. अकराच घ्या."

"अहो, लोक त्या बाराव्यासाठीच तर बघणार आहेत!"

"बघू देत की अकरा. माझ्यापायी हिची चूक झाली, हिचं काम गेलं. आता तीच चूक पुन्हा गाजवायची? एकदा तरी हिच्या वहीत बरोबर अकरा लागू देत." असं म्हणून त्याने जर्सी काढायला घेतली. ती डोक्यात अडकली. दोन्ही हात वर, तोंड निळ्या कापडात, आणि आतून आवाज, "माझ्यामुळे नाव गेलं हिचं."

ते बघून वहीबाईंना राहवेना. इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला आपण तीस वर्षं फसवत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पर्स उघडली, घडी सोडली आणि सगळ्यांदेखत वाचायला सुरुवात केली.

"शेवटचा गोल. टेक तीन. उजेड जातोय. घरचे, बारा. एक जास्त, लाइटमन. कट म्हणायला हवं." बाई थांबल्या. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. "फार खूश दिसतोय. राहू दे."

जर्सीतून बाराव्याचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले.

"म्हणजे तू मोजलं होतंस?"

"मी मोजलं नाही असं कधी झालंय?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आधी लाज वाटली. बाई माणूस, एका लाइटमनच्या हसण्यापायी शॉट सोडते! मग तुम्ही भांडी घासायला लागलात."

"तीस वर्षं! तीस वर्षं मी प्रायश्चित्त म्हणून भांडी घासली गं!"

"छान घासता," बाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळेना. बारावा मात्र आधी हसला, इतका की त्याला खाली बसावं लागलं. मग उठला आणि जर्सी नीट खाली ओढली. छोट्या साहेबांनी डोळे पुसत कर्ण्यातून आवाज दिला, "चला, बारा जण जागेवर!"

शॉट सुरू झाला. चेंडू हवेत गेला, पोरं धावली, त्यांच्या मागे पोट सावरत बारावा धावला, तीस वर्षांपूर्वी धावला होता तसाच, आनंदाने आणि भलत्याच दिशेला. गोल झाला. आणि तेवढ्यात कडेची खुर्ची रिकामी झाली. काठी टेकत, लंगडत, दोन्ही हात वर करायचा प्रयत्न करत जुने काका मैदानात घुसले होते.

"मावशी!" टॅबवाली दचकून उठली. "तेरा झाले! कट सांगू?"

वहीबाईंचं मोजून कधीच झालं होतं. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. राग पार पळाला होता आणि बोळकं उघडं टाकून म्हातारा हसत होता.

"लिही," त्या म्हणाल्या. "घरचे, तेरा. फार खूश आहेत. राहू दे."