यापुढे नवे काही मिळणार नाही

ते पत्र माझ्या टेबलावर ठेवताना आमच्या विभागाच्या मॅडम हसल्या होत्या. आमच्या कचेरीत तक्रारी येतात त्या संगणकावर. पाकिटातून, तिकीट लावून आलेली तक्रार त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. "काका, हे तुमच्याच खात्यातलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "अक्षर बघा किती सुंदर आहे."

अक्षर खरेच सुंदर होते. मी ते पत्र वाचले, घडी घालून शब्दकोशात ठेवले आणि त्याला उत्तर दिले नाही. एक-दोन दिवसांत देऊ म्हणता म्हणता महिने गेले. कोशाला तिथे कायमची फट पडली. कुठलाही शब्द बघायला गेलो की तेच पान उघडे.

मी मूळचा मुद्रितशोधक. जन्मभर एका छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. स्वतःचे म्हणून एक पानही कधी लिहिले नाही, आणि हे लिहितानाही जमेल की नाही याची खात्री नाही. छापखाना बंद पडल्यावर भाचीच्या ओळखीने या खेळांच्या कंपनीत लागलो. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला तिथे सगळे कन्सोल म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटले, कानशिलाशी संबंधित काही असेल. खेळ पुष्कळ भाषांत निघत. त्यातली आपल्या भाषेतली वाक्ये तपासणे हे माझे काम.

सगळ्यात जास्त चालणारा खेळ होता गाव वसवण्याचा. रस्ते आखायचे, घरे बांधायची. काही महिन्यांनी कंपनीकडून अपडेट जाई आणि गावात नवी माणसे राहायला येत. कधी एखादी शिंपीण, कधी एखादा बासरीवाला. पण जुन्या कन्सोलच्या पोटात हळूहळू जागाच उरली नाही. आमच्या इंजिनियर पोरांनी खूप काटकसर केली. झाडांची पाने विरळ केली, पावसाचा आवाज आखूड केला, नदीतले मासे काढून टाकले. शेवटी त्यांनीही हात टेकले. जुन्या यंत्रांना एक अखेरचा अपडेट पाठवायचा आणि त्यातच निरोपाची सूचना द्यायची, असे ठरले.

सूचनेचा कच्चा मजकूर माझ्याकडे आला. त्यात 'डिव्हाइसची मेमरी' असे होते. मी नाक मुरडले. घरात चांगला शब्द असताना उसना कशाला आणायचा? मी लिहिले, 'आपल्या जुन्या यंत्राची स्मरणशक्ती अपुरी असल्याने यापुढे नवे काही मिळणार नाही. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.' वाक्य पडद्यावरच्या चौकटीत मावेना. शेवटचे 'आभार' कापले जात होते. आता निरोप देताना आभारच कसे गाळायचे? म्हणून मी सुरुवातीचे तीन शब्द काढले. काय म्हणायचे ते कळतेच आहे, असा विचार केला. मग वाक्य चौकटीत कसे नेटके बसले. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो, आणि हे माझ्या बाबतीत वारंवार घडत नाही.

पत्र एका बाईंचे होते. त्यांचे यजमान लिफ्टमिस्त्री, आता निवृत्त. काही काळापासून त्यांना विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग घराकडे वळायचा रस्ता. मुलाने नवे कन्सोल घेतले तेव्हा जुने यांच्याकडे टाकले, आणि मिस्त्री त्या खेळातल्या गावात रमले. त्यांनी तिथे दुमजली घरांनासुद्धा लिफ्ट बसवल्या होत्या. सकाळी चहा झाला की गावात फेरी मारून प्रत्येक लिफ्ट वरखाली करून बघत. नवे माणूस राहायला आले की त्याचे नाव बाईंना सांगत. आणि ती नावे, बाईंनी लिहिले होते, यांना आठवत असत.

मग एका सकाळी पडद्यावर माझे वाक्य आले. 'स्मरणशक्ती अपुरी असल्याने यापुढे नवे काही मिळणार नाही. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.'

मिस्त्रींनी ते दोनदा वाचले. वायर गुंडाळली, कन्सोल त्याच्या खोक्यात घातले आणि खोके सुतळीने बांधले. "मला कळवलंय त्यांनी," एवढेच म्हणाले. बाईंनी परोपरीने समजावले, की अहो, ते त्या डब्याबद्दल आहे. पण तसे लिहिलेले कुठे होते? बाईंची विनंती साधी होती. हे तुमच्याबद्दल नाही, अशा दोन ओळी कंपनीच्या कागदावर यांना लिहून पाठवा. यांचा आता कुणाच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही, लिहिलेल्यावर बसतो. शक्य तितक्या लवकर पाठवावे, कारण पुढे वाचले तरी उमगेल की नाही, सांगता येत नाही.

पत्र वाचले त्या दिवशीच मी तडक मॅडमकडे गेलो. म्हटले, सूचनेत दुरुस्ती करू या, एकच शब्द घालायचा आहे. त्यांनी आता पत्र नीट वाचले आणि त्यांचे हसू मावळले.

"बदलणार कसं, काका? जुन्या मशीनवर आता काहीच पाठवता येत नाही. शेवटचा अपडेट गेला." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंय ना तसं."

छापखान्यात शुद्धिपत्र असे. पुस्तकाच्या शेवटी एक चिठोरे चिकटवले की चूक पदरात घेता येई. इथे तीही सोय नव्हती. जिथे जिथे ते जुने यंत्र होते, तिथे तिथे माझे वाक्य चौकटीत नेटके बसून राहणार होते.

निदान पत्राला उत्तर द्या, असे म्हणून मॅडमनी कंपनीचे कोरे कागद दिले. मी घरी आणून बसलो. मायन्यात 'सप्रेम' घालावे की 'सादर', इथपासून अडलो. 'हे तुमच्याबद्दल नाही' असे लिहिले की वाटे, ज्याचे विस्मरण खरेच वाढत चालले आहे त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? 'यंत्राची स्मरणशक्ती' लिहावे तर पुन्हा तोच शब्द त्यांच्यासमोर. 'मेमरी' लिहावे तर ते टाळण्यासाठी तर एवढे रामायण झाले होते. कागद फाडायचा, दुसरा घ्यायचा, पेनाला टोपण लावायचे.

घरी आम्ही दोघेच, मी आणि माझी थोरली बहीण. ताईचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. सुरुवातीला ती नुसती बघत होती. नंतर विचारू लागली की हे पत्र आहे की बाळंतपण, इतक्या कळा कशाला देतोयस. मी म्हटले, नेमका शब्द सापडत नाही.

"तुला शब्द सापडेपर्यंत तो माणूस थांबणार आहे का?" ती म्हणाली. "लिहवत नसेल तर जाऊन तोंडाने सांग. तुझे पाय तरी धड आहेत."

गेलो. पत्त्यावरच्या इमारतीत लिफ्ट होती, पण मी जिन्याने चढलो. पोचायला जितका उशीर होईल तितका बरा.

दार मिस्त्रींनीच उघडले. उंच, दाढी गुळगुळीत, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारले, "कितव्या मजल्यावर अडकलीय?"

मी गडबडलो. म्हटले, तशी नाही, म्हणजे...

"आत माणसं आहेत का?"

"नाही."

"मग घाई नाही. बसा."

बाई आतून हात पुसत आल्या. मी खेळाच्या कंपनीतून आलो आहे म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. उशीर केलात, असे त्या म्हणाल्या नाहीत. फक्त खुर्ची माझ्याकडे सरकवली. सुतळी बांधलेले खोके टीव्हीखालीच होते.

जे महिनोन् महिने लिहिता आले नव्हते ते मी कसेबसे सांगितले. वाक्य माझे आहे. त्यात 'यंत्राची' हा शब्द होता, तो चौकटीत मावेना म्हणून मी काढला. जागा त्या डब्यातली संपली, दरवेळी नवी माणसे घालून आम्हीच ती संपवली. मिस्त्री मान खाली घालून, एखाद्या बिघाडाची हकिकत ऐकावी तसे ऐकत होते.

"म्हणजे लिफ्ट आठ माणसांची," ते म्हणाले, "आणि तुम्ही नववा चढवत होतात."

"हो."

"मग लिफ्टचा दोष नाही."

"नाही, मुळीच नाही."

बाईंचा चेहरा उजळला. पण मिस्त्री अजून विचारच करत होते.

"तरी ते माझ्याबद्दल खरंच आहे ना?"

बाई "अहो" म्हणाल्या. मिस्त्रींनी त्यांना हाताने थांबवले.

"डॉक्टर हिला बाहेर नेऊन सांगतात. मुलगा हिच्याशी फोनवर हळू बोलतो. ही म्हणते, वय झालं की होतं असं. तोंडावर कोणी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत, वर आभार मानलेत. जन्मभर लोकांना वरखाली केलं, आभार कुणी मानले नव्हते."

बाई उठून आत गेल्या. आत पाण्याचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

"एक विचारू?" मिस्त्री पुढे वाकले. "नवी माणसं येणार नाहीत, ते कळलं. पण आलीत त्यांचं काय? ती शिंपीण आहे, वरच्या मजल्यावर राहते. बासरीवाला आहे. त्यांच्या लिफ्ट बंद केल्यात का तुम्ही? म्हणून मी खोकं उघडून बघत नाही. वर अडकलेली माणसं बघवत नाहीत मला."

मला उत्तर माहीत नव्हते. 'नाही हो, चालू असणार' असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मूळ प्रत बघितल्याशिवाय खूण करायची नाही, ही माझी जुनी खोड. म्हटले, विचारून कळवतो.

"लेखी कळवा," ते म्हणाले. "मी विसरेन."

निघताना बाई दारापर्यंत आल्या. "तुम्ही नाही म्हणायला हवं होतंत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुमच्याबद्दल खरं नाही, एवढंच. तुमचं त्यांनी ऐकलं असतं."

मिस्त्री मला लिफ्टपर्यंत पोचवायला आले. बटण दाबून त्यांनी दाराला कान लावला, आतून वर येणारा आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली. मी आत शिरल्यावर त्यांनी विचारले, "कितव्या मजल्यावर अडकली होती?"

"सुटली," मी म्हटले.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि दार लागले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारले. त्यांनी कपाटातून एक जुने कन्सोल काढले, धूळ पुसून जोडले, आणि आम्ही दोघे पडद्यासमोर उभे राहिलो. आधी माझे वाक्य आले. ते गेल्यावर गाव आले. झाडे विरळ होती, नदीत मासे नव्हते. शिंपीण वरच्या मजल्यावर खिडकीत बसून शिवत होती; तिच्या घराची लिफ्ट वरखाली होत होती.

"जे आलेत ते राहतात, काका," मॅडम म्हणाल्या. "मशीन चालेल तोवर. फक्त नवीन कोणी येत नाही."

त्या संध्याकाळी पत्र एका बैठकीत झाले. मायना 'सप्रेम नमस्कार' घातला. खाली लिहिले, 'आपण विचारलेत त्याची खात्री करून घेतली. आता नवी माणसे येणार नाहीत. आलेली माणसे कुठेही जाणार नाहीत. शिंपीण वरच्या मजल्यावर आहे. कुणी अडकलेले नाही. खोके उघडून पाहावे.' शेवटी आभार मानले. अक्षर मोठे काढले. स्मरणशक्ती हा शब्द कुठेच लागला नाही.

ताईने वाचले. "एवढंच?" म्हणाली. मग पाकीट माझ्या हातातून घेऊन तिनेच ते चिकटवले, कडा बोटाने दाबून. पाकिटावर नाव मी मिस्त्रींचे घातले होते, बाईंचे नाही. पत्र पोचेल तेव्हा ते कुणाकडून आले आणि कशाबद्दल, हे त्यांना उमगेल का, कोण जाणे.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडले. पेटीला कान लावून, ते तळाशी पोचल्याचा आवाज येईपर्यंत उभा राहिलो.