रोलरला वळवायचं कसं

सरावासाठी मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून मांडून आत्याची कंबर धरली, पण भाची काही वळेना. म्हणजे शंकूंमधून ती सुळकन जायची. एका पायावर जोर, दुसरीकडे झेप, लगेच वेग. बघत राहावं! पण शंकूच्या जागी माणूस उभा केला की बाईसाहेब डोकं खाली घालून थेट त्याच्या पोटात. म्हणून तर सगळा संघ तिला 'रोलर' म्हणायचा.

शाळकरी मुलींना रग्बी शिकवणारी ही आत्या एरवी शांत बाई. पण त्या दिवशी सामन्यात डावीकडे मोकळं रान असताना रोलर घोळक्यात घुसली, चेंडू निसटला, सामना हातचा गेला, आणि आत्याने टोपी जमिनीवर आपटली.

खरी गोम तिला ठाऊक होती. ही गोम मैदानाच्या कडेला उभी राहून घसा फोडत होती, "घूस! सरळ घूस!" रोलरचे बाबा, म्हणजे आत्याचाच थोरला भाऊ. एकेकाळी तोही खेळायचा, आणि समोरच्याला चुकवणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

पुढच्या सरावालाही तेच सुरू झालं.

"दादा, मी तिला चुकवायला शिकवतेय. जरा गप्प बसशील?"

"चुकवणं म्हणजे पळपुटेपणा."

"पळपुटे मागे पळतात रे! ही पुढे जाणार आहे."

"तू आणि तुझी बडबड."

आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. "मग ये आत. अडव तिला."

दादा हसत हसत बाह्या सरसावून आला. आत्याने रोलरला बाजूला घेतलं. "त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. जवळ गेलीस की छोटी पावलं टाक. कंबर झुकली की उलट बाजूने सूट."

"पण बाबा चिडले तर?"

इतके दिवस पाय शिकवले, आणि अडलं होतं ते इथे! आत्याला स्वतःचाच राग आला. "चिडू दे. मी आहे."

रोलर धावली. आता धडकणार, असं वाटलं तोच पावलं आखडली, डावा पाय रोवला आणि ती उजवीकडून पार. दादाने हवेला मिठी मारली आणि तो सपशेल आडवा झाला. पोरी किंचाळून हसल्या.

तो उठला. हनुवटीला चिखल, चेहरा लाल. पोरीची पिशवी उचलून म्हणाला, "चल घरी."

त्यानंतर रोलर सरावाला आलीच नाही. दादा फोन उचलेल तर शपथ. शेवटी एकदा वहिनीने उचलला.

"अहो ताई, काय करून ठेवलंत! रोज संध्याकाळी बापलेक अंगणात. हे पकडायला जातात, ती सटकते. माझ्या कुंड्यांचा चुराडा झालाय. आता म्हणतात, तिला मीच शिकवणार."

आत्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. "काय शिकवतोय?"

"पाय एकमेकांवरून टाकून वळायला."

"देवा! तोंडावर आपटेल ती! थांबवा त्याला!"

"माझं ऐकतात होय?"

आत्याने जेवण तसंच टाकलं आणि बूट ओढले. नाडीची गाठ काही सुटेना. ती दातओठ खात फोनवर ओरडली, "त्याला सांगा, मी येईपर्यंत तिला एक पाऊल टाकू देऊ नकोस म्हणावं!"